तत्त्वतः फुटबॉल

मी कोल्हापूरची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं मी जिथं जिथं आवाज चढवला आहे तिथं लोक हेच कारण देतात. मस्कतच्या दक्षिणेला अल अमेरातला राहायला येऊन आम्हाला पुष्कळ वर्षं झाली, लेक इथल्याच शाळेत केजीपासून बारावीपर्यंत आली, तरी अजून मंडळाच्या सभेत मी उभी राहिले की मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजतं, "उठल्या कोल्हापूरच्या." उठल्या तर उठल्या. बसून राहून कुणाचं भलं झालंय?

कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या माणसाला फुटबॉल कुणी शिकवत नाही. सामना असला की वडील दुकानाचं शटर लवकर ओढायचे आणि आम्हा दोघी बहिणींना घेऊन स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे. बाराखडी आणि रेफ्रीला बोल लावणं या दोन्ही गोष्टी मी साधारण एकाच सुमाराला शिकले. इथं हे सांगितलं की मुंबई-पुण्याची मंडळी डोळे बारीक करून विचारतात, "पण तुमच्याकडे कुस्ती असते ना?" असते की. दोन्ही असतं. आम्हाला कुणी एकच निवडायला सांगितलेलं नाही.

अमेरात आणि आसपासच्या मराठी घरांचं आमचं एक लहानसं मंडळ आहे. गणपती, हळदीकुंकू, दिवाळीचा फराळ हे तर सगळीच मंडळं करतात. आमचं मंडळ शाळकरी मुलींची फुटबॉल स्पर्धाही भरवतं, आणि हे ऐकून बाहेरची माणसं जरा थबकतात. त्याचं असं झालं की मंडळाचे फार पूर्वीचे एक अध्यक्ष आमच्याच गावचे निघाले. पोरांना क्रिकेट आहे आणि पोरींना नुसती रांगोळी, हे त्यांना खपेना. त्यांनी नववी ते बारावीच्या मुलींचे चार संघ केले: अमेरात, रुवी, सीब आणि लांबचं सोहार. प्रत्येकी अकरा मुली, एक चेंडू, दोन गोल, आणि नियम जगात चालतात तेच. ते गृहस्थ पुढं नोकरी संपवून कोल्हापूरला परत गेले, पण स्पर्धा इथंच राहिली आणि दर डिसेंबरात होत राहिली.

माझी लेक गोलकीपर. उंच, हात लांब, आणि घरात विचारल्याशिवाय बोलायचं नाही असा स्वभाव. मराठी तिचं जेमतेम. 'मी आली', 'तो बोलली' असलं काहीतरी चाललेलं असतं, आणि सुधारायला गेलं की इंग्रजीत शिरून बसते. पण गोलमध्ये उभी राहिली की हीच पोरगी इंग्रजी, हिंदी, मराठी, अरबी सगळं एकदम सोडते. मागं ये, लेफ्ट बघ, यल्ला यल्ला, खलास. सरावाला सोडायला गेले की मी गाडीत बसून ते ऐकत राहायची. घरी तिचा हा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता.

पण खऱ्या सामन्यात ती एकदाही उभी राहिली नव्हती. नववीत आणि दहावीत तिच्यापेक्षा मोठी मुलगी गोलमध्ये होती, ही आपली बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळत. ही अकरावीत आली तेव्हा ती मोठी मुलगी कॉलेजला गेली, हिचा नंबर लागला, आणि ऐन स्पर्धेच्या आठवड्यात पाऊस होऊन वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या नदीच्या पात्राला, पाणी आलं. मैदान गाळात गेलं, स्पर्धा रद्द. राहिलं एक वर्ष, बारावीचं. एकदा खऱ्या सामन्यात गोलमध्ये उभं राहायचं, एवढंच तिचं मागणं होतं. यापेक्षा स्वस्तातलं मागणं मी तरी कुठल्या पोरीचं ऐकलेलं नाही.

आणि नेमक्या त्याच वर्षी मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले.

माणूस सज्जन. मूळ पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत सुरक्षा अधिकारी. रिफायनरीत कुणी पडू नये, भाजू नये, कुणाच्या डोक्यात काही पडू नये म्हणून नियम करण्यात त्यांचा जन्म गेलेला. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. काकांच्या घरी जिन्यालाही पिवळी पट्टी मारलेली आहे. त्यांनी आधीच्या एका स्पर्धेत पंधरा मिनिटं बसून फुटबॉल पाहिला होता, आणि तेवढ्यात त्यांना काय दिसलं म्हणाल? बावीस मुली हेल्मेटशिवाय एका चेंडूमागं धावताहेत, एकमेकींना धक्के मारताहेत, आणि चेंडू आला तर चक्क डोक्यानं मारताहेत. निवडून आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे 'शालेय फुटबॉल नियम व रचना सुधारणा समिती' नेमली. मला त्यात घेतलं, कारण मला अनुभव आहे असं कुणीतरी सुचवलं. माझा अनुभव पायऱ्यांवर बसून ओरडण्याचा आहे हे मी सांगितलं, ते त्यांनी विनय समजून सोडून दिलं.

उन्हाळाभर दर शुक्रवारी सकाळी काकांच्या बैठकीच्या खोलीत चर्चेचं गुऱ्हाळ चाललं. बाहेर डोंगर तापून पांढरे पडलेले, आत एसी, काकूंचे बटाटेवडे आणि फुटबॉल. समितीत सहा जण, त्यांतल्या पाचांनी चेंडूला कधी पाय लावलेला नव्हता, पण सूचना करण्यात एकही मागं हटला नाही. हेडिंग बंद, कारण डोकं बोर्डाच्या परीक्षेला लागतं. दर दहा मिनिटांनी पाणी. सामना बरोबरीत सुटला तर दोन्ही संघ विजयी, कारण पेनल्टीमुळं मुलींच्या मनावर ताण येतो. एका वडिलांनी तर संघातल्या मुलींच्या टक्केवारीची सरासरी काढून सुरुवातीलाच दोन गोल द्यावेत असं सुचवलं. काकांनी तीही नोंद करून घेतली आणि पुढच्या वर्षी विचार करू म्हणाले.

ऑफसाइडवर तर अख्खी सकाळ गेली. मी वाटाणे मांडून समजावलं. वाटाणा पुढं, वाटाणा मागं, हा वाटाणा गोलकीपर. काकांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले की मुलगी मेहनत करून सगळ्यांच्या पुढं गेली आणि आपण शिट्टी वाजवून तिला शिक्षा करतो, हे आपल्या संस्कारांत बसत नाही. सगळ्यांना ते इतकं पटलं की दोघांनी मान डोलावली आणि एकानं वाटाणा उचलून खाल्ला. ऑफसाइड रद्द झाला. कोल्हापुरात असं कुणी बोललं असतं तर त्याला पुढच्या सामन्याला पायरीवर जागा मिळाली नसती, पण मी गप्प बसले. म्हटलं, करा काय करायचं ते, माझी पोरगी गोलमध्ये उभी राहिली की झालं.

मग रचना आली. अकराच्या ऐवजी सात मुलींचा संघ, कारण मैदान लहान घेतलं तर पळापळ कमी. मैदानावर सात नसतील तर सामनाच सुरू करायचा नाही, समोरच्याला विजयी जाहीर करायचं. आणि सगळ्यात शेवटी, वडे संपत आल्यावर, काकांनी सहज वाचल्यासारखं वाचलं की बारावीच्या विद्यार्थिनींना त्यांच्याच हितासाठी स्पर्धेतून वगळण्यात यावं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, का? काका म्हणाले, बोर्ड. मी म्हणाले, बोर्ड फेब्रुवारी-मार्चात आहे आणि स्पर्धा डिसेंबरात दोन दिवस. काका म्हणाले, धोका टाळता येत असेल तर टाळावा. मग मीही बोलले, आणि जरा जास्तच बोलले. धोकाच टाळायचा तर पोरींना बबल रॅपमध्ये गुंडाळून लग्नापर्यंत कपाटात ठेवू या, असं काहीतरी. काकूंनी आतून चहा आणला आणि विषय सर्वसाधारण सभेवर ढकलला गेला.

लेकीला मी हे सांगितलं नव्हतं. तिला ते व्हॉट्सअॅपवर आधीच कळलेलं होतं. रात्रीचं जेवताना तिनं ताटातली भेंडी एका बाजूला केली आणि विचारलं, "आई, तू बोलशील ना? पण भांडू नको. नीट बोल." मी म्हटलं, नीटच बोलते मी. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला हसू आलं. नवरा लांब दुक्म बंदराच्या प्रोजेक्टवर, पंधरा दिवसांनी दोन दिवस घरी येतो. त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, खेळू दे की, इथं आम्ही हजार माणसं आहोत आणि कुणाला खेळायला वेळ नाही, निदान तिनं तरी खेळावं. एवढं लांब वाक्य तो फोनवर क्वचित बोलतो.

सर्वसाधारण सभेला मी खरंच नीट बोलले. सकाळपासून तीनदा आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. मी म्हणाले, बारावीच्या मुली लहान नाहीत. खेळायचं की नाही हे त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ठरवावं, मंडळानं नाही. म्हणून माझी दुरुस्ती अशी की बारावीच्या मुलीला पालकांच्या संमतीनं खेळता येईल. मग आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी माझी मैत्रीण उभी राहिली. ती नाशिकची. तिची लेक आणि माझी लेक केजीपासून एका बाकावर, आणि आता एकाच संघात: माझी गोलमध्ये, तिची पुढं गोल मारायला. मैत्रीण म्हणाली की मुलींवर आपण विश्वास ठेवला पाहिजे, आपण त्यांना शिकवतो कशासाठी, आणि या दुरुस्तीला तिचं अनुमोदन आहे. मला अभिमान वाटला तिचा.

सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यांनी. टक्केवारीवाल्या वडिलांनीसुद्धा. काकांनी दिलदारपणे सांगितलं की मंडळ ही दुरुस्ती तत्त्वतः आणि एकमतानं मंजूर करत आहे. घरी येताना मी गाडीत मोठ्यानं गाणं म्हटलं, लेकीनं खिडकी वर केली, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्या रात्री आमच्या घरी बासुंदी होती.

आमच्या अमेरातच्या संघात अकरा मुली होत्या. त्यांतल्या सहा बारावीतल्या, माझी धरून. बाकी पाच नववी ते अकरावीच्या, त्यांचा काही प्रश्न नव्हता. नवरा दुक्महून आला त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी सही केली आणि मी उरलेल्या पाच घरांची वाट बघत बसले. ऑक्टोबर गेला. नोव्हेंबर अर्धा गेला. कुणी काही बोलेना म्हणून मीच एकेकाला फोन लावला.

काय सांगू तुम्हाला, माझ्याशी सगळे इतके गोड बोलले. एकीनं सांगितलं की दुरुस्ती फारच छान आहे, काळाची गरज आहे, पण लेकीचं गणित जरा मागं पडलंय. दुसरीच्या घरी आजी आल्या होत्या आणि आजींना मुलीनं उन्हात जाणं पसंत नव्हतं. डिसेंबरात कसलं ऊन, पण असो. तिसरीच्या वडिलांनी मला दहा मिनिटं मुलींच्या खेळाचं महत्त्व समजावलं आणि शेवटी इन्शाल्ला म्हणाले. इथं राहून एवढं कळतं की इन्शाल्ला असा ओढून म्हटला की ते काम व्हायचं नसतं. चौथ्या घरी फोनच उचलला नाही, पण स्पर्धेला शुभेच्छांचा फोटो पाठवला, त्यात चेंडूला डोळे होते.

पाचवं घर माझ्या मैत्रिणीचं. तिला मी फोन केलाच नव्हता, कारण तिची सही मी धरूनच चालले होते. माझी एक आणि खालच्या वर्गांतल्या पाच मिळून सहा झाल्या होत्या. सातवी तिची लेक. ती आली की संघ उभा राहत होता, नाही आली की माझ्या लेकीचं शेवटचं वर्षही गेलं. मी डबाभर चकल्या घेऊन खाली गेले.

मैत्रिणीनं कॉफी केली. तिची लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती, दार बंद होतं. मैत्रीण बराच वेळ चकल्यांबद्दल बोलली, भाजणी कुठली, कुरकुरीत कशा झाल्या. मग मीच विचारलं. ती कपाकडं बघत म्हणाली, "अगं, तत्त्वतः मी तुझ्याच बाजूची आहे."

मी म्हणाले, तत्त्वतः माझ्या बाजूला अख्खं मंडळ आहे, मला एक स्ट्रायकर हवी आहे. तिला हसू आलं नाही. तिचे डोळे भरले. तिनं सांगितलं की नवऱ्याची सोहारच्या कारखान्यातली नोकरी मार्चनंतर राहते की नाही ठाऊक नाही, त्याच्या जागेवर ओमानी माणूस शिकून तयार झाला आहे. लेकीला मेडिकलला जायचंय. मेरिटवर लागली तर लागली, पैसे भरून जागा घेणं त्यांना झेपायचं नाही. पाय मोडून बसली आणि एक मार्क इकडचा तिकडं झाला तर पोरगी स्वतःला कधी माफ करणार नाही. मला रागही येत होता आणि तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं हेही सांगता येत नव्हतं. मी कॉफी संपवली आणि वर आले. लेक दारातच उभी होती. माझं तोंड बघून तिनं आत जाऊन पुस्तक उघडलं.

तरी स्पर्धेच्या दिवशी ती पहाटेच उठून तयार झाली. मी म्हटलं, सहाच आहात, सामना होणार नाही. ती म्हणाली, "माहितीये. पण मला ड्रेस घालायचा." मग काय, नेलं. बाकीच्या पाच पोरीही आलेल्या, सगळ्या ड्रेसमध्ये. डोंगराच्या पायथ्याचं ते हिरव्या प्लास्टिकच्या गवताचं मैदान, हवा इतकी सुंदर की इथल्या उन्हाळ्यानं दिलेले सगळे त्रास माफ करावेत.

समोर सोहारचा संघ. तो मिनीबस करून दोन-अडीच तासांवरून आलेला. त्यात बऱ्याचजणी रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांतल्या, डोक्याला घट्ट बांधलेले स्कार्फ आणि पायात फुल पँट. मोजून सातच होत्या, पण सात होत्या. त्यांच्या कप्तानाचे वडील स्वतः गाडी चालवत आले होते. त्यांचं सोहारला सामानाचं दुकान. काकांनी घड्याळ काढलं, नियमाप्रमाणं वाट पाहिली, आणि अमेरात संघाकडं किमान खेळाडू नसल्यानं सोहार विजयी असं जाहीर केलं. सोहारच्या पोरींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. माझी लेक ग्लोव्हज घालून गोलपोस्टला टेकून उभी होती. तिच्याकडं मला बघवेना.

सोहारचे ते वडील काकांकडं गेले आणि आपल्या कोकणी मराठीत म्हणाले की मैदान तर तासासाठी घेतलेलंच आहे, पोरी एवढ्या लांबून आल्यात, मग उगाच खेळत का नाहीत? काका म्हणाले, नियमात बसत नाही. ते म्हणाले, मग नियमाशिवाय खेळू दे की. काकांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की जणू रिफायनरीत कुणी काडी पेटवली. पण त्यांनी विचार केला आणि सांगितलं की मंडळाचा या खेळाशी अधिकृत संबंध राहणार नाही. मग त्यांनी शिट्टी आपल्या खिशात ठेवली आणि खुर्ची मैदानापासून चार पावलं मागं घेतली, म्हणजे संबंध नाही हे सगळ्यांना दिसावं.

सात विरुद्ध सहा असं सुरू झालं. रेफ्री नाही, पाण्याची विश्रांती नाही, आणि पहिल्याच मिनिटाला कुणीतरी चेंडू डोक्यानं मारला. माझ्या लेकीचा आवाज अख्ख्या मैदानावर घुमत होता. पाच मिनिटांत सोहारनं तिच्यावर एक गोल मारला. ती उठली, चेंडू जाळ्यातून काढला, आणि हसत होती.

तेवढ्यात कुंपणाच्या दारातून कुणीतरी आत आलं. मैत्रिणीची लेक. क्लासला निघालेली, पाठीला सॅक, पायात शाळेचे काळे बूट. क्लास दोन गल्ल्या पलीकडं होता. ती घटकाभर कुंपणाशी उभी राहिली, मग सॅक उतरवली आणि मैदानात शिरली. मी तिला थांबवायला हवं होतं की नको, हे मला आजही ठाऊक नाही. मी थांबवलं नाही. आमच्या सात झाल्या, पण विजयी संघ आधीच जाहीर झाला होता.

पुढचा पाऊण तास मी कोल्हापुरात होते. ओरडून माझा घसा बसला. सोहारचे ते वडील माझ्या शेजारी उभे राहून माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होते. मैत्रिणीच्या लेकीनं त्या शाळेच्या बुटांनी असा एक गोल मारला की दोन्ही बाजूंच्या पोरी किंचाळल्या. आणि मग सोहारची एक मुलगी सगळ्यांना मागं टाकून एकटीच पुढं गेली, तिला पास मिळाला, आणि मागून खुर्चीतून आवाज आला, "ऑफसाइड!" काका उभे होते, हात वर. मी वळून बघितलं तसे ते खाली बसले आणि चष्मा पुसू लागले.

मैत्रीण आली ती क्लासच्या सरांचा फोन गेल्यावर. गाडी तिरकी लावून धावतच आली. मी तिला सामोरी गेले, म्हटलं आता काय ते होऊ दे. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिची लेक घामानं निथळत, केस मोकळे, गुडघा फुटलेला, चेंडू घेऊन सुटली होती. मैत्रिणीनं तोंडावर हात ठेवला. लेकीनं गोल मारला, वळली, आणि तिला आई दिसली. ती जागच्या जागी थांबली. मैत्रिणीनं हाक मारली नाही. पोरगी दोन क्षण वाट बघत राहिली, मग परत पळाली. मैत्रिणीचा फोन वाजत होता, तो तिनं पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली. संपेपर्यंत ती माझ्या शेजारी उभी होती. संपल्यावर तिनं लेकीला गाडीत घातलं आणि दोघी गेल्या.

सोहारनं शेवटचा गोल मारला तो माझ्या लेकीच्या बोटांना लागून आत गेला. त्याआधी तिनं किती अडवले मला सांगता येणार नाही, तिलाही आठवत नव्हते. परतताना गाडीत ती ग्लोव्हज मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "आई, हे कुठे लिहिलं नाही जाणार ना? म्हणजे मॅच झालीच नाही असं?" मी म्हटलं, हो बाळा, तसंच. ती ठीक आहे म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

जानेवारीत मंडळाची सभा झाली. चिटणीसांनी मागचं इतिवृत्त वाचलं: स्पर्धा नव्या नियमांनुसार शिस्तीत आणि सुरक्षित पार पडली, कुणालाही इजा नाही, अमेरात विरुद्ध सोहार हा सामना खेळाडूंअभावी झाला नाही. काकांनी मंजुरीसाठी हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. माझा नव्हता. काकांनी माझ्याकडं पाहिलं, सौम्यपणे विचारलं की विरोध नोंदवायचा आहे का. मागच्या रांगेत कुजबुज झाली.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "सामना झाला. मी बघितला. काका, तुम्हीही बघितला."

काका म्हणाले की अधिकृतपणे तसं म्हणता येणार नाही. शिवाय रेफ्री नव्हता, कुणी गुण मोजले नव्हते, तेव्हा निकाल काय लिहिणार? आणि खरंच, मी ओरडण्याच्या नादात मोजलेच नव्हते. मी तशीच उभी राहिले.

तेव्हा माझी मैत्रीण उठली. तिचा नवरा शेजारी बसला होता, त्यानं तिच्याकडं वर पाहिलं. त्याला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"तीन-दोन, मुलीनं मोजलेत," ती म्हणाली. "सोहार जिंकलं. आपले दोन्ही गोल माझ्या मुलीनं मारले."

चिटणीसांनी काकांकडं पाहिलं. काका टेबलाकडं बघत म्हणाले, लिहा. चिटणीस लिहू लागले. मला वाटलं आता ती बसेल, पण ती उभीच होती.

"आणि गोलमध्ये कोण होतं, तेही लिहा," ती म्हणाली, आणि लिहून होईपर्यंत बसली नाही.